अर्ध्या गोळीचे उंदीर

माय, तुझ्या छातीत काय झालं होतं ते मी पाहिलं. तुझ्या नाही, उंदराच्या छातीत पाहिलं, पण पाहिलं. हे सांगायला तू नाहीस अन् दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. का सांगता येत नाही ते शेवटी येईल, मधे विचारू नको. चौथीत तूच मला शाळेतून काढलं, धाकट्याला सांभाळायला. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर ते तुझं आहे असं समज.

मी अजून अमरावतीतल्या त्याच औषधाच्या कॉलेजात आहे. तू होतीस तेव्हा तिथं झाडू मारत होते, तेवढं तुला माहीत आहे. नंतर मला उंदीरघरात टाकलं. तिथं कोणी टिकत नव्हतं, मुताच्या वासानं डोळे झोंबतात. मी म्हटलं, मले चालते, मी म्हशीच्या गोठ्यात वाढलेली बाई. पांढरे उंदीर असतात, लाल डोळ्यांचे. पिंजऱ्यात भाताचं तूस अंथरायचं, घाण झालं की बदलायचं, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, खाणं घालायचं. आपल्या घरातल्या उंदरासारखे ते नसतात. हातात घेतला की बाहीत शिरतो अन् तिथंच झोपून जातो. तू उंदरामागं चप्पल घेऊन चुलीपासून ओसरीपर्यंत धावायचीस, अन् तुझी लेक उंदरांची बाळंतपणं करून पगार घेते. हसशील तर हस.

गेल्या हिवाळ्यात एक मॅडम आली. शिकतेच आहे अजून, वरची कुठली तरी डिग्री, त्यासाठी उंदरांवर औषध बघावं लागतं. वयानं माझ्या पोरीएवढी. मला ताई म्हणते. चांगली आहे, पण हळू बोलते, अन् हळू बोलणाऱ्या माणसाचा मला कंटाळा येतो, वाक्य संपेस्तोवर दोन पिंजरे धुवून होतात. ती म्हणाली, "ताई, गवऱ्या मिळतील का कुठे?"

मी म्हटलं, "काहाले पायजेत? होळीले तं टाइम हाय."

"उंदरांना धूर द्यायचाय. चुलीचाच धूर. बायका खातात तो."

"त्याहिनं काय बिघडवलं तुमचं?"

ती हसली, मग तिनं सगळं सांगितलं. गवऱ्यांच्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरानं बायकांच्या फुप्फुसांना सूज येते, श्वास पुरत नाही. सूज उतरवायची गोळी आहे, जुनीच आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते. पण त्या गोळीनं तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून तिला बघायचं होतं की कमी गोळीत काम होतं का. काही उंदरांना नुसता धूर द्यायचा, काहींना धूर अन् पुरी गोळी, काहींना धूर अन् अर्धी. अन् काहींना काहीच नाही, ते आपले चांगल्या हवेत राहतील.

"अर्ध्यात भागलं तर बायकांचा त्रास वाचेल, ताई," ती म्हणाली.

मी गोळीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी बाहेर नळावर गेले अन् बाटल्या धुवायला लागले, त्या धुतलेल्याच होत्या.

अर्ध्यात भागतं का. माय, हाच सवाल मी तुझ्या मागं इतकी वर्षं घेऊन फिरते आहे. भाकर थापताना, एसटीत बसल्यावर, कोणाची माय खोकलताना ऐकली की. तू पुरी गोळी खाल्ली असती तर जगली असतीस का? डॉक्टरला विचारायची सोय नव्हती, तू गेल्यावर कोणत्या तोंडानं विचारणार. अन् आता ही पोरगी तोच सवाल घेऊन माझ्या उंदीरघरात येऊन उभी राहिली.

कोणाच्या नवसाचं रोडग्याचं जेवण निघालं की आजूबाजूच्या गावांतून तुम्हा दोघींना बोलावणं यायचं. तुला अन् तुझ्या जोडीदारणीला, वेशीजवळच्या मावशीला. एकटीला कधी कोणी बोलावलं नाही, अन् एकटी तू गेलीही नसतीस. शेतात नाही तर देवळामागं गवऱ्यांची रास रचायची, पेटवायची, आर लाल झाला की त्या जगऱ्यात जाड कणकेचे गोळे सोडायचे. लोकांना वाटतं धूर निघून गेल्यावर काम सुरू होतं. धूर कुठं जातो? मधे एखादी ओली गवरी असतेच, वरून नव्या पडतात. तुम्ही दोघी समोरासमोर, तोंडावर पदर, हातात सळई, रोडगे उलटवत बसलेल्या. वारा जिकडं वळेल तिकडचीनं धूर खायचा. म्हणून तुमचा कायदा होता, एक खेप निघाली की जागा बदलायची. बोलायचं काही नाही. मी वांगी चिरत बसलेली असते, अन् बघते, तू उठतेस, लुगडं झटकतेस, ती उठते, तू तिच्या जागेवर, ती तुझ्या. एकीला जास्त, एकीला कमी असं व्हायला नको.

मावशी डोळे पुसत म्हणायची, "हा धूर माह्यावर आशिक हाय वो. जिकडे बसली तिकडे येते."

तू म्हणायचीस, "येऊ दे ना. दुसरं कोन येऊन राह्यलं तुह्याकडे?"

अन् तुम्ही दोघी हसता हसता खोकलायच्या. तेव्हा तो खोकला हसण्यातच जमा होत होता. कोणाला कळलं नाही कधी तो वेगळा झाला.

पुढं मी लग्न करून अमरावतीला आले. दर खेपेला गावी आले की तू थोडी कमी चालायचीस. आधी हापशापर्यंत, मग शेजारच्या ओट्यापर्यंत. एकदा पाहिलं तर तू भरलेली कळशी रस्त्यात ठेवून तिच्यापाशी बसली होतीस, जशी काही कोणाची वाट पाहतेस. मी तुला उचललं अन् अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली अन् विचारलं, बिडी ओढता का. तुला केवढा राग आला. म्हणालीस, "बिडी माह्या सासऱ्यानं ओढली. मी त्याची भाकर थापली." डॉक्टर म्हणाला, तेच ते. त्यानं तोंडात मारायचा पंप दिला अन् गोळ्या दिल्या. पंप तुला जमला नाही, फुस्स झालं की तुला हसू यायचं अन् औषध बाहेर. गोळी जमली. डॉक्टरनं मला समोर उभं करून सांगितलं, रोज सकाळी जेवल्यावर एक, मनानं बंद करायची नाही, मनानं कमी करायची नाही. मी समोर उभी होते, माय. मी ऐकलं होतं.

तुला गुण आला. तू आडवी होऊन झोपलीस, कितीतरी दिवसांनी. मावशीनंच फोन करून सांगितलं मला, "तुही माय घोरून राह्यली वो, ऐक." अन् फोन तुझ्या तोंडापाशी धरला. मी कॉलेजाच्या मागं झाडू हातात घेऊन तुझं घोरणं ऐकलं. त्या दिवशी मी सगळ्यांशी बरी बोलले असेन.

मग पुन्हा उतरती लागली. मला कळेना. गोळ्या तर मी आणून देत होते. एकदा न सांगता आले, तर तू ओट्यावर बसली होतीस अन् अडकित्त्यानं गोळी कापत होतीस, सुपारी कापतात तशी. अर्धी तोंडात टाकली, अर्धी पदराच्या टोकाला बांधली.

मी म्हटलं, "हे काय चालू हाय?"

"तिलेई दम लागते."

"मंग तिनं जावं अकोल्याले."

"कोन नेते तिले? घरचे म्हनतेत खोकला कोनाले येत नाई."

"माय, डॉक्टरनं सांगतलं होतं, कमी करायची नाई म्हनून. तू होती ना तिथं?"

तू अडकित्ता मिटवलास. चिडलीही नाहीस. तान्ह्या लेकराला समजावतात तसं म्हणालीस, "धूर आमी अर्धा-अर्धा खाल्ला. मंग गोळी मी एकटीच कावून खाऊ?"

मी सरळ वेशीकडं गेले अन् मावशीच्या दारात उभी राहून बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, तू ऐकलं होतंस. सारी गल्ली ऐकत होती. मावशी कापूस वेचून आली होती, कमरेला ओटी तशीच बांधलेली, ती खाली पाहत उभी राहिली. अन् तू मागून आलीस. तेवढं अंतर तुझ्यानं चालवत नव्हतं, तरी भिंतीला धरून आलीस. ओठ निळे पडले होते. बोलायला श्वास नव्हता, तो तू गोळा केलास अन् माझ्यावर खर्च केलास. "तोंड सांभाळ. थे तुही मावशी हाय. गोळी माही हाय, कोनाले द्याची थे मी पाहीन."

गोळी तुझी होती, बरोबर आहे. पण माय माझी होती. हे तेव्हा सुचलं नाही, आता सुचून काय उपयोग.

मी म्हटलं होतं, मी नेतो तिले अकोल्याले, तिच्या नावाची गोळी आणू. तिच्या घरचे नाही म्हणाले, वेचणीचे दिवस होते. अन् तू काही अडकित्ता सोडला नाहीस. मी होते तोपर्यंत माझ्यासमोर पुरी गोळी खायचीस, मी एसटीत बसले की पुन्हा कापायचीस. शेवटी तुला अमरावतीला माझ्या खोलीवर आणलं तेव्हा उशीर झाला होता. तिथं पुरी गोळी मी स्वतः तुझ्या जिभेवर ठेवत होते, पण आता ती कामाची राहिली नव्हती. तू मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसायचीस, दार उघडं ठेवायला लावायचीस, थंडीतही. शेजारीण म्हणायची, अवो दार लावा, म्हातारी गारठन. तू मान हलवायचीस. बसल्या बसल्याच गेलीस, सकाळी, मी चहा ठेवायला वळले तेवढ्यात. गॅस होता माझ्याकडं, माय. धुराचा एक कण नव्हता त्या खोलीत, अन् तिथं तू श्वासावाचून गेलीस.

मावशी आली होती माती द्यायला. माझ्याकडं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. पुढं ती जगऱ्यावर बसली नाही, जोडीदारीण नाही म्हणून. मग तिच्या घरात सून आली, खमकी आहे, तिनं सासूला अकोल्याला नेलं, गोळी सुरू केली, पंप शिकवला, घरात सिलेंडर आणला. मावशी अजून आहे. मी गावाला गेले की तिला ओट्यावर ऊन खात बसलेली पाहायची अन् दुसऱ्या गल्लीनं वळायची. ही आहे, तू नाहीस. तुझी अर्धी गोळी हिच्या अंगात आहे.

अन् मॅडमला गवऱ्या पाहिजे होत्या तर मी कुठं गेले? तिच्याकडेच. अमरावतीत आमच्या भागात कोण गवऱ्या थापतं. मावशी अजून थापते, हाताला सवय आहे म्हणून, चुलीत घालत नाही. मी पोतं पुढं केलं.

"कायले पायजेत वो तुले? बंबात घालतं का?"

"उंदरायले धूर द्याचा हाय. कॉलेजात."

"मायबाई. उंदरायचे रोडगे करून राह्यल्या का काय तुमी?" ती हसली, हसताना तिला दम लागला, कमरेच्या बटव्यातून पंप काढून मारला अन् पुन्हा हसली. मला तिचं हसणं सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, धूर देऊन औषध देनार हायेत. काहीले पुरी गोळी, काहीले अर्धी. थेच गोळी, मावशी. मायची.

तिचा हात पोत्यात तसाच राहिला. मग तिनं एकेक गवरी नीट लावत पोतं भरलं, तुटकी बाजूला काढली, जसं काही लग्नाचं सामान देते आहे. तोंड बांधून दिलं अन् म्हणाली, "निंगलं की मले येऊन सांगजो. खरं सांगजो. तू काही गोड बोलनारी नाईस, म्हनून तुले सांगतो."

मी म्हटलं, सांगतो.

तो धूर करायचं काम माझ्याकडं आलं. काचेची पेटी, तिला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा, डब्यात गवरी. जन्मभर तू आर लवकर लाल व्हावा म्हणून फुंकलंस, अन् मी गवरी पेटू नये, नुसती धुमसावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडत होते. पेटीत उंदीर आधी इकडंतिकडं धावायचे, मग कोपऱ्यात एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून बसायचे. मॅडम घड्याळाकडं पाहायची, मी त्यांच्याकडं. बाहेर काढले की त्यांचा पांढरा रंग मळका झालेला, अंगाला आपल्या घरासारखा वास. मॅडमनं अंगावर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले होते, कोणाला डोक्यावर, कोणाला पाठीवर, म्हणजे ओळखू यावेत. मला ठिपक्यांची गरज नव्हती. औषध देताना मी उंदीर धरायचे, ती वाकड्या नळीनं घशात औषध सोडायची. अर्धीवाले मधल्या फळीवर होते.

थोडे दिवस काही कळलं नाही. मग नुसत्या धूरवाल्यांचे केस उभे राहायला लागले, बरगड्या लपलप करायच्या. पुढं वाकून, नाक वर करून बसायचे. माय, उंदीरही तसाच बसतो. मांडीवर उशी नसते एवढंच. पुरी गोळीवाले मात्र जाळीवर चढायचे, खाणं ओढून न्यायचे, माझं बोट चावायला बघायचे. अन् अर्धीवाले सुरुवातीला बरे होते. मग एकेक करून तेही वाकले.

मला काय व्हावंसं वाटत होतं ते लिहिते, तुझ्यापाशी काय लपवायचं. अर्धीवाले खराब निघावेत असंच वाटत होतं. म्हणजे पुन्हा त्या दारात जाऊन बोलता येईल, अन् या वेळी तू भिंत धरून मागून येणार नाहीस. अन् तूस बदलताना मी त्याच फळीशी जास्त थांबायची, त्यांना मऊ मऊ तूस निवडून घालायची, मॅडमची पाठ वळली की पाठीवरून बोट फिरवायची. दोन्ही खरं आहे.

काम संपलं की सगळ्यांना मारतात. फुप्फुस पाहायचं तर छाती उघडावी लागते, अन् चांगलं झालेलं फुप्फुसही पाहावंच लागतं, नाही तर चांगलं झालं हे कसं कळणार. गुंगीचं औषध जास्त देतात, झोपेतच जातो. मी धरते. इतकी वर्षं धरते आहे, हाताला सवय आहे. त्या दिवशी पुरी गोळीवाला एक जण माझ्या बाहीत शिरला अन् निघेना. मॅडम थांबून राहिली. मी त्याला बाहेर काढलं अन् तिच्या हातात दिलं. अशा दिवशी ती डब्यातलं काही खात नाही. मी खाते, पण त्या दिवशी मीही डबा उघडला नाही.

पुढं फुप्फुसाचे काप लावलेल्या काचेच्या पट्ट्या तयार झाल्या तेव्हा मी मॅडमला म्हटलं, मले दाखवा. तिनं मायक्रोस्कोपपुढं खुर्ची दिली. आधी चांगल्या हवेतल्याचं दाखवलं. मधमाश्या उडून गेल्यावर रिकामं पोळं दिसतं तसं होतं, घरंच घरं, मधे नुसती हवा. मग धूरवाल्याचं. घरं बुजलेली, भिंती जाड झालेल्या, अन् मधे जांभळे ठिपके गर्दी करून उभे, जसे मयताच्या दारात लोक. मी डोळा काढला नाही. तुझ्या छातीत हे होतं. या एवढ्याशा फटीतून तू श्वास ओढत होतीस, अन् त्यातून माझ्यासाठी रागाचे शब्द काढलेस.

"अर्धीवाले?" मी विचारलं.

तिनं पट्टी बदलली. "फार फरक नाही, ताई. यांच्यासारखंच आहे."

"अन् पुरी?"

तिनं ती लावली. घरं उघडी होती. सगळी नाही, पण उघडी होती. उजेड आरपार येत होता.

मग मी तिला तुझं सांगितलं. अडकित्त्याचं, पदराच्या टोकाचं, सगळं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं. तिचा चहा गार झाला. मी म्हटलं, "आता सांगा म्याडम. पुरी खाल्ली असती तं जगली असती का माही माय?"

तिनं पट्टी काढून डबीत ठेवली. म्हणाली, "उंदरांना आपण पहिल्या दिवसापासून औषध दिलं. तुमच्या आईनं सगळा जन्म धूर खाल्ल्यावर गोळी सुरू केली. सूज उतरते ताई, तुटलेलं परत जोडत नाही. काही दिवस बरे गेले असते. किती, ते मला सांगता येत नाही."

सांगता येत नाही म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. पण तिच्यावर चिडता आलं नाही. काही दिवस, म्हणाली ती. मला तेवढेही चालले असते, माय. एक दिवाळी चालली असती. तू नुसती आडवी होऊन घोरत पडली असतीस तरी चाललं असतं.

रविवारी मी मूर्तिजापूरची गाडी पकडली, पुढं ऑटो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. मावशी, पाह्यलं मी डोळ्यानं. अर्ध्यानं काहीच होत नाई. तुलेई काही झालं नाई अन् माह्या मायलेई झालं नाई. दोघीयचं मिळून एक माणूस तं वाचलं असतं. हे शेवटचं वाक्य मला चांगलं जमलं होतं, मी ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

ती ओट्यावर तूर निवडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

"निंगलं?" तिनं विचारलं.

"निंगलं."

तिनं बटव्यावर हात ठेवला, पण पंप काढला नाही. म्हणाली, "मी मागतली नव्हती वो गोळी. थे तुले सांगाचं राह्यलं. मी पहिल्या दिवशी नाईच म्हटलं होतं. तं थे म्हने, मंग मीबी खात नाई. फेकतो, म्हने. तिचा सभाव तुले मालूम हाय. मंग मी खाल्ली." अन् मग, "मले एवढंच सांग. पुरी गोळी खाल्लेले वाचले का?"

तिच्या तोंडाकडं पाहिलं अन् माझ्या लक्षात आलं, ही बाई रोज सकाळी जेवल्यावर गोळी तोंडात टाकताना हेच विचारत असणार. मी एसटीत विचारते, ती गोळी खाताना. धूर तुम्ही दोघींनी अर्धा-अर्धा खाल्ला, तुझा हा सवाल आम्ही दोघींनी खाल्ला इतकी वर्षं.

मी म्हटलं, "नाई मावशी. सारेच मेले."

"पुरी खाल्लेलेई?"

"पुरी खाल्लेलेई. एकबी नाई राह्यला."

तिनं माझ्या डोळ्यात पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत. मग तिनं पदर तोंडावर ओढला अन् तिचे खांदे हलायला लागले, आवाज नाही, नुसते खांदे. सून पाण्याचा गिलास घेऊन दारात आली अन् तशीच उभी राहिली. मावशीनं तोंड पुसलं. तिला म्हणाली, "वांगे टाक चुलीवर. पोरगी अमरावतीवरून आली, उपाशी जाईन का?" सून म्हणाली, आत्या, चूल कुठं आहे, गॅस आहे. "मंग त्याच्यावर टाक."

मी जेवले. पोटभर जेवले. मावशी समोर बसून वाढत होती अन् तुझ्याबद्दल बोलत होती, तू कोणाच्या लग्नात कोणाला काय शिवी दिलीस ते. एकदाही तिला दम लागला नाही.

हे मी मॅडमला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, पोरीला नाही. एकाला सांगितलं की ते फिरत फिरत वेशीपर्यंत जातं. म्हणून हे कागद. पेटीत ठेवीन कुठंतरी, जाळणार नाही.

मावशीला मी खोटं बोलले नाही. उंदीर सगळे मेले. ते कसे मेले ते तिनं विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही. पण तुला खरं माहीत असावं, माय. पुऱ्या गोळीवाल्यांना आम्ही मारलं. ते जगले असते.